बिनवासाचं औषध

भीमाबाईंच्या आधी त्यांचा खोकला येऊन पोचायचा. जिन्यात खोकला ऐकू आला की तळघरातल्या लॅबमध्ये डॉक्टर हेमलता निसळ किटलीचं बटण दाबायच्या आणि दोन कप काढायच्या. एक स्वतःचा, बिनसाखरेचा, आणि एक भीमाबाईंचा. भीमाबाईंच्या कपात साखर अशी की चमचा उभा राहावा.

दोघींची ओळख नोएडातलं हे काचेचं हॉस्पिटल उघडलं तेव्हापासूनची, म्हणजे चार वर्षांची. हेमलताबाई इथल्या जंतुतज्ज्ञ. हॉस्पिटलात जंतू कुठे लपतात, कशानं मरतात, हे बघणं त्यांचं काम. भीमाबाई इंगळे तिसऱ्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळांच्या वॉर्डात साफसफाईला. नवरा सरकारी कचेरीत शिपाई, साहेबाच्या बदलीबरोबर अकोल्याहून दिल्लीला आला आणि इथेच वारला. पहिल्या आठवड्यात लिफ्टमध्ये कुणाच्या तरी पायावर बादली सांडली आणि भीमाबाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. झालं. सगळा दिवस "हां जी, ठीक है जी" करून जीभ वाळलेल्या हेमलताबाईंनी त्यांना तिथल्या तिथे चहाला बोलावलं. परक्या गावात आपली भाषा ऐकली की माणूस इतकं विरघळतं, आणि मग डोळे मिटून घेतं. त्या डोळे मिटण्याचीच ही गोष्ट आहे.

खोकला होता हायपोचा. हॉस्पिटलातली माणसं ब्लीचच्या पाण्याला हायपो म्हणतात. जंतू मारायला ते पक्कं, पण वास असा की नाकात झिणझिण्या याव्यात. दोन हजार तीनच्या वसंतात चीनकडून श्वासाच्या कसल्याशा नव्या रोगाच्या बातम्या यायला लागल्या आणि डायरेक्टर कर्नल बक्षींनी फर्मान सोडलं, दिवसातून सहा वेळा हायपो. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, त्याला शत्रू दिसला की आनंद व्हायचा. रोग काही नोएडापर्यंत आला नाही. पण सहा वेळांचं फर्मान राहिलं ते राहिलं, आणि पावसाळा संपेपर्यंत भीमाबाईंना एका दमात एक मजलाही चढवेना.

"भीमाबाई, तुम्ही दुसरं काम मागून घ्या की," हेमलताबाई म्हणायच्या.

"आणि माझी लेकरं कोण बघणार? ती पोरगी येते ना संध्याकाळची, कोपरे पुसतच नाही हो ताई. कोपऱ्यात तिची सासू बसलीय जशी."

मग हेमलताबाईंनीच कंबर कसली. हायपोऐवजी दुसरं काय, याचा दोन महिने अभ्यास केला. स्पिरिट चालणार नाही, जवळच ऑक्सिजन, आगीची भीती. फिनाइलच्या जातीचं काही तान्ह्या बाळांजवळ नकोच, त्यानं कावीळ वाढते. शेवटी पेरॉक्साइडवर बोट टेकलं. योग्य प्रमाणात पाणी घालायचं, पुसायचं, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. सर्दी-खोकल्याचे विषाणू मरतात आणि वास जवळपास नाही. कर्नलसाहेबांना पटवायला तीन मीटिंगा लागल्या. अखेर ते म्हणाले, "ठीक है डॉक्टर. सिर्फ़ एक वॉर्ड, तीन महीने. ज़रा भी गड़बड़ हुई, तो वापस हायपो."

कागदावर कारण लिहिलं, 'कर्मचाऱ्यांच्या श्वसनाचे आरोग्य'. खरं कारण जिन्यात खोकत होतं.

दिवाळीच्या आधी शिकवणीचा वर्ग झाला. हेमलताबाईंनी हिंदीत मोठा तक्ता केला होता, सात कलमांचा. वॉर्डातल्या सगळ्या आया, सिस्टर, वॉर्डबॉय तासभर बसले होते. प्रत्येकाकडून एकेक कलम वदवून घेतलं. भीमाबाई त्या वर्गात नव्हत्या. आल्या होत्या, डब्यात थालीपीठ घेऊन दाराशी उभ्या होत्या. हेमलताबाई हसून म्हणाल्या, "तुम्हाला काय शिकवायचं? तुम्हीच मला शिकवाल. जा, लॅबमध्ये किटली लावा, मी आलेच." मग थालीपीठ खाता खाता दोन वाक्यांत सांगून टाकलं, एवढं औषध, एवढं पाणी, आणि ओलं राहू द्या. परक्यांना तासभर आणि आपल्या माणसाला दोन वाक्यं. शहाण्यासुरत्या माणसांची हीच तर खोड, आपल्या माणसाला सगळं कळतंच असं धरून चालतात.

पहिले दोन महिने कसे सोन्यासारखे गेले. वॉर्डात एका बाळाची सर्दी दुसऱ्याला लागली नाही. आणि भीमाबाई एक दिवस तिसऱ्या मजल्यावरून थेट तळघरात आल्या, परत वर गेल्या, परत खाली आल्या, आणि दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मोजा ताई! लिफ्ट नाही, काही नाही. कालपासून उशीसुद्धा एकच लागते मला." हेमलताबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी चहात चुकून स्वतःलाही साखर घातली.

"पण एक सांगू का," भीमाबाई म्हणाल्या, "त्या तुमच्या औषधाला वास नाही हो. नुसत्या पाण्यानं पुसल्यासारखं वाटतं. मनाला समाधान नाही."

"वास आपल्या नाकासाठी असतो, भीमाबाई. विषाणूला नाक नसतं."

दोघीही हसल्या. हसण्यावारी गेलं ते.

त्या हिवाळ्यात वॉर्डात पाच नंबरच्या पाळण्यात अर्णव होता. सातव्या महिन्यात जन्मलेला, मूठभर जीव. त्याची आई रुचिता फिल्मसिटीतल्या एका चॅनेलमध्ये काम करायची, नवरा परदेशात साइटवर. ती मराठीच, म्हणजे भीमाबाईंना आयतंच घबाड. पाळण्यावरच्या पाटीवर रोज वजन लिहिलं जायचं, आणि ते दोन किलोला टेकलं त्या दिवशी भीमाबाईंनी सगळ्या वॉर्डात जाहीर केलं, "आमचे साहेब दोन किलो झाले!" पिवळ्या लोकरीचं टोपडंही विणून आणलं, एवढंसं, लिंबावर बसेल असं. डॉक्टर म्हणाले होते, संक्रांत झाली की घरी न्या.

जानेवारीत धुकं उतरलं. तीन नंबरला एक मुलगी आली, नाक वाहणारी, दम लागलेली. हेमलताबाईंनी तपासलं तर थंडीतला तो नेहमीचा विषाणू निघाला. मोठ्या माणसाला तो आठवडाभर सर्दी देतो आणि निघून जातो, पण दोन किलोच्या बाळाच्या फुप्फुसात शिरला तर त्याचा गळाच धरतो. मुलीला वेगळ्या खोलीत हलवलं. हेमलताबाई स्वतः वर गेल्या आणि भीमाबाईंना म्हणाल्या, "आता सगळं तुमच्या हातात आहे हं. जरा जास्त काळजी घ्या."

"तुम्ही बघाच," भीमाबाई म्हणाल्या.

आठ दिवसांत त्या रांगेतल्या चार बाळांना सर्दी झाली. तिघं सावरली. अर्णव गुरुवारी दुपारी गेला, बारा वाजून दहा मिनिटांनी. बाहेर ऊन पडलं होतं. रुचिता रडली नाही, ती नुसती विचारत राहिली, "पण वजन वाढलं होतं ना? काल वाढलं होतं ना?" टोपडं घालायला तिचे हात चालेनात, म्हणून ते भीमाबाईंनी घातलं. गाठ मारली, सोडली, परत सैल मारली. टोचेल म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी हेमलताबाई वॉर्डाच्या धुण्याच्या खोलीत गेल्या, हातात कागदी पट्ट्यांच्या दोन डब्या. एक पट्टी पेरॉक्साइडचा जोर दाखवणारी, दुसरी हायपोचा. जोर असला की पट्टी रंग धरते. सोमवारी कमिटी होती आणि कर्नलसाहेबांना कारण हवं होतं. भीमाबाईंची बादली भरलेली होती. पट्टी बुडवली. पांढरी. दुसरी बुडवली. तीही पांढरी. मूळ बाटलीतलं औषध थेंबभर घेऊन पाहिलं तर पट्टी गडद निळी. मग बादलीत काय झालं होतं?

"भीमाबाई, जरा नवी बादली करून दाखवता?"

भीमाबाईंचे डोळे रडून सुजलेले होते, पण कामाचं विचारलं म्हणून त्या सरसावल्या. औषध मापानं घेतलं, थेंबही इकडेतिकडे नाही. खुणेपर्यंत पाणी घातलं. हेमलताबाईंच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं, तेवढ्यात भीमाबाईंनी पोछ्यांच्या मागून हायपोचा जुना कॅन ओढला आणि अर्धा मग बादलीत ओतला. पाणी फसफसून वर आलं.

"बघा कसं उसळतं! नुसतं तुमचं औषध असं उसळत नाही. दोन्ही मिळून डबल ताकद."

"कधीपासून?" हेमलताबाईंना स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"ती तीन नंबरची आली ना, तुम्ही म्हणालात जास्त काळजी घ्या, त्या दिवसापासून. म्हटलं आता कसर नको. ओतताना थोडं लागतं घशाला, पण फेस बसला की वाससुद्धा राहत नाही बघा."

वास कसा राहील? काहीच राहत नव्हतं. ही दोन औषधं एकमेकांना भेटली की एकमेकांनाच संपवतात. दोघांचा जोर त्या फेसातून उडून जातो आणि बादलीत उरतं मिठाचं पाणी. शाळेतल्या पोराला कळेल असं रसायन. तक्त्यावरचं चौथं कलम तेच होतं, 'इसमें और कुछ न मिलाएँ', आणि त्या दिवशी संध्याकाळच्या त्या कोपरे न पुसणाऱ्या पोरीनं ते दोनदा म्हणून दाखवलं होतं. तेव्हा भीमाबाई तळघरात किटलीजवळ उभ्या होत्या. हेमलताबाईंनीच पाठवलं होतं त्यांना.

आठ दिवस ही बाई गुडघ्यावर बसून, पाळण्याचा गजन् गज, कोपरान् कोपरा मिठाच्या पाण्यानं पुसत होती. पाच नंबरचा पाळणा तर रोज दोनदा.

हेमलताबाईंनी ती बादली उचलली आणि मोरीत ओतली. "आजपासून यात काही घालू नका. वरून हुकूम आलाय," एवढंच त्यांच्याच्यानं बोलवलं. हायपोचा कॅन त्या स्वतः उचलून खाली घेऊन आल्या आणि लॅबचं दार लावून ढसाढसा रडल्या.

रविवारी बाल्कनीतल्या उन्हात सूर्यकांत मटार सोलत बसले होते. हेमलताबाईंचे यजमान, मंत्रालयात अवर सचिव. सगळ्या गोष्टी फायलीतून जातात आणि शेवटी सुटतात, असा त्यांचा विश्वास. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खरं तेच सांग. एक वाक्य आहे. औषधात भेसळ झाली, औषध निर्दोष आहे. तुझा पर्याय वाचेल, हायपो परत येणार नाही, आणि त्या बाईची छातीसुद्धा वाचेल."

"आणि बाई?"

"नोकरी जाईल म्हणतेस?"

"नोकरीचं सोडा हो. त्यांना कळेल. ते टोपडं त्यांनी विणलं होतं. त्यांना कळेल की आपल्याच हातानं..." 

सूर्यकांतांनी हातातली शेंग न सोलताच परातीत ठेवली. "आणि त्या आईला? तिला कळायला नको?"

हवंच होतं. हेमलताबाईंना ते चांगलं ठाऊक होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. रुचिताला खरं सांगायचं तर भीमाबाईंचं नाव घ्यावं लागणार, आणि भीमाबाईंचं नाव न घेता सांगायचं तर ते खरं उरणार नाही. रविवार असाच गेला. मटार तसेच परातीत राहिले.

सोमवारी अकरा वाजता कमिटी बसली. कर्नलसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बताइए डॉक्टर. क्या हुआ?"

वाक्य जिभेवर होतं. हेमलताबाईंनी ते रात्रभर घोकलं होतं. त्या म्हणाल्या, "घोल में ताक़त नहीं थी, सर."

"बनाया किसने?"

समोर बसलेल्या वॉर्डाच्या सिस्टरनं मान वर केली.

"बनता वॉर्ड में है, सर. सिखाया मैंने था. सिखाने में मेरी ग़लती हुई."

यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि तरी ते खोटं होतं. कर्नलसाहेब रागावतील असं वाटलं होतं, पण ते हळू आवाजात बोलले, आणि तेच जास्त लागलं. "देखिए, जो दवा इतने नख़रे करे, वो हमारे स्टाफ़ के बस की नहीं. हायपो वापस."

"सर, एक मौक़ा और..."

"बच्चा गया है, डॉक्टर."

हेमलताबाईंनी सही केली. रुचिताला हॉस्पिटलकडून पत्र गेलं, वॉर्डात विषाणूचा संसर्ग झाला, आम्ही दिलगीर आहोत. महिन्याभरानं तिचं उत्तर आलं, चार ओळींचं. तिनं वॉर्डातल्या सगळ्यांचे आभार मानले होते आणि पहिलं नाव भीमाबाईंचं होतं. हेमलताबाईंनी ते वाचलं आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

कमिटीच्या दुसऱ्याच दिवशी भीमाबाई खाली आल्या होत्या. चहा नको म्हणाल्या. उभ्याच राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"ताई, एक विचारते, खरं सांगा. तुम्हाला माझ्या गळ्याची आण आहे. माझ्या हातून काही राहिलं का? कुठला कोपरा, काही?"

तीस वर्षांच्या अभ्यासात हेमलताबाईंनी एकदाही खोटा निकाल दिला नव्हता.

"नाही हो. औषधच कच्चं निघालं."

"खरं?"

"खरं."

भीमाबाई मटकन खाली बसल्या आणि रडल्या, सुटल्यासारख्या रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मी म्हणत होते ना? वास नाही ते औषध कसलं!"

हायपो परत आला. दिवसातून सहा वेळा. मार्चपर्यंत खोकलाही आला, अगदी जुन्या ओळखीचा. हेमलताबाईंनी हजार खटपटी केल्या. खिडक्या उघड्या ठेवायला लावल्या, चांगले मास्क आणवले, हायपोचं प्रमाण कमी करून घेतलं, भीमाबाईंची बदली धोबीखान्यात मंजूर करून आणली. भीमाबाईंनी ती नाकारली. "कपडे काय कुणीही धुईल ताई. माझी लेकरं वर आहेत." पेरॉक्साइडचा प्रस्ताव हेमलताबाईंनी आणखी दोनदा पाठवला. दोन्ही वेळा त्यावर एकच शेरा पडून आला, 'अजमावून झाले आहे. अपयशी.'

पुढच्या हिवाळ्यात भीमाबाईंना रोज सकाळी कामाआधी वाफेचं औषध घ्यावं लागायला लागलं. ते त्या लॅबमध्ये येऊन घ्यायच्या, कारण वॉर्डात बाळांच्या आया बघतात, त्यांना कशाला घाबरवायचं. तोंडावर मास्क, हातात घड्याळ, दहा मिनिटं. एकदा वाफ संपल्यावर त्यांनी मास्क काढून मांडीवर ठेवला. खिडकीशी धुकं होतं. त्या वर्षी वॉर्डात एकही बाळ गेलं नव्हतं.

"खरं सांगू का ताई, तुमचं ते बिनवासाचं होतं ना, तेवढे दिवस छाती फार बरी होती माझी. तीन मजले चढले होते, आठवतं?"

"आठवतं."

"कधी कधी वाटतं, पुन्हा यावं ते." त्यांना उबळ आली, ती ओसरेपर्यंत त्या थांबल्या. मग हात झटकून उठायला लागल्या. "पण जाऊ दे. माझ्या एकटीच्या छातीपायी लेकरं का मारायची?"

हेमलताबाईंचं तोंड उघडलं. ते एकच वाक्य वर्षभर तिथेच होतं, जिभेच्या टोकावर. भीमाबाई त्यांच्याकडे बघत होत्या, काय म्हणताय, अशा. चेहरा दमलेला होता, पण निवांत होता. आपण आपलं सगळं केलं, असं ज्याला वाटतं त्याचा असतो तसा.

"चहा घेऊन जा," हेमलताबाई म्हणाल्या, आणि पाठ वळवून त्यांच्या कपात साखर घालायला लागल्या. किती चमचे घातले ते त्यांना समजलं नाही. भीमाबाई उभ्यानंच चहा प्यायल्या, गोड झालाय म्हणाल्या, आणि बादली घेऊन वर गेल्या. खोकला पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता, मग दुसऱ्यावर थांबला, आणि बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाला.